आधी कोंबडी, मंग मी

मी धुरात जन्मले, असं माझी आई म्हनायची. श्रीगोंद्याच्या अंगाला आमचं गाव, घर एका खोलीचं, त्यातच चूल, आन चुलीत कधी गवऱ्या तर कधी उसाचं पाचट. पाचट लई उतावळं, भाकरी उलटायच्या आत जाळ संपतो, सारखं घालत बसायचं, आन गवरी त्याच्या उलट, ती नुसती धुमसत ऱ्हाती, डोळ्यातनं पानी काढती. तुमी आल्या आल्या इचारलं ना, मावशी, जैवइंधनाबद्दल तुमचं काय मत हाय, तर काय सांगू तुमाला, हे नाव मला आज कळलं, पन शेन आन ऊस, ह्या दोनीचा जाळ मी जन्मापासून बगते, आन त्यानं माझ्या घराला दिलं काय आन नेलं काय, ते मला चांगलं ठावं हाय. फक्त मी सांगते तसं सांगू द्या, मधी मधी इचारू नका, माझं सूत तुटतं.

लगीन होऊन मी ह्या गावात आले. आमी बौद्ध लोकं, जमीन नावापुरती, पन माझ्या सासऱ्याचं इहिरी खांदायच्या कामात नाव हुतं. जुन्या इहिरीचा गाळ काढायचा असला तर लांबलांबून बोलवनं यायचं. आन सासऱ्याचा एक नेम हुता, तेवढा ध्यानात ठेवा, पुढं कामाला येईल. बंद पडलेल्या इहिरीत उतरायच्या आधी ते दोरीला पेटता कंदील बांधून खाली सोडायचे. कंदील तेवत ऱ्हायला तर उतरायचं, फडफडून इझला तर खालचं वारं वाईट हाय, उतरायचं न्हाई. हे त्यांना त्यांच्या बापानं शिकवलं आन त्यांनी आमच्या मालकांना. मालक म्हंजी माझा नवरा, मी त्यांचं नाव घेत न्हाई, लग्नात उखान्यात घेतलं तेवढंच.

मंग बोरची मशीन आली आन इहिरीचं काम बसलं. सासरे गेले. मालक तालुक्याला गोबरगॅस बांधायचं शिकायला गेले, पंधरा दिस ऱ्हायले, येताना कागदावर काढलेलं चित्र घेऊन आले, आन मला म्हनले, ही उलटी इहीर हाय बग. खरंच तसंच असतं ते. जमिनीत गोल खड्डा, त्याच्यावर इटांचा घुमट. एका हौदातनं शेन आन पानी कालवून आत सोडायचं, आत ते कुजतं, गॅस घुमटात साठतो आन नळीनं चुलीला जातो, उरलेला काला दुसऱ्या अंगाच्या हौदातनं भाईर येतो, तो खत म्हून शेताला. घुमटाला खालून टेकू नसतो बरं का. मधोमध खुट्टी ठोकायची, तिला सुतळी बांधायची, आन सुतळीच्या मापानं एक एक वीट लावत वर यायचं, पुढली वीट बसंस्तवर मागलीला तारंचा आकडा घालून वजन लोंबतं ठेवायचं. मालकांचा हात लई हलका, एक वीट कधी पडली न्हाई. मी घमेली द्यायची. आन आतला गिलावा माझ्याकडं, कारन आत जायला वाट काल्याच्या हौदातनं, आन ती एवढुशी. मी तवा काटकी हुते, सरपटत जायची. आतला गिलावा चांगला झाला न्हाई तर गॅस फुटून जातो, वरून कितीबी सुंदर दिसू द्या.

आता कंदलाचं सांगते. एका वस्तीवर जुना खड्डा हुता, घुमटाला चीर गेल्ती, गॅस टिकत नव्हता. काला सगळा उपसला, झाकन काढलं, दुरुस्तीला आत उतरायचं हुतं. मालक म्हनले, थांब, बंद खड्डा हाय, वारं बगू दे. आन सासऱ्याचा कंदील, तोच, घरात टांगलेला असायचा, तो त्यांनी पेटवला, दोरीला बांधला आन वाकून खाली सोडला. मी वाळूचं घमेलं घेऊन उभी. मला वाटलं बरं झालं, जपून काम करतात. भप्प असा आवाज झाला, लई मोठा न्हाई, कुनीतरी घोंगडी झटकल्यावानी, आन वाटेतनं जाळ वर आला आन आत गेला. एवढंच. मालक मागं बसले, भुवया न्हाईत, केस न्हाईत, आन दोनी हात पुढं धरलेले, मला म्हनतात, कंदील पडला गं खाली. अजून त्यांना कंदलाचीच काळजी. इहिरीत वाईट वारं असलं तर जाळ इझतो, आन हितलं वारं असं की जाळ बगितला की पेटतं, हे कुनी ध्यानातच घेतलं न्हाई. बापाचा नेम पाळला म्हून हात गेले.

नगरला दवाखान्यात दोन महिने काढले. जीव वाचला, तोंडावरचे डाग भरले, पन बोटं एकमेकांना चिकटून आखडून गेली. थापी धरता येईना, घास घेता येईना, मी भरवायची. वस्तीवाल्याचं काम अर्धं पडलेलं. त्यानं काय तगादा लावला न्हाई, उलट जीपनं तोच दवाखान्यात घेऊन गेल्ता, पन अर्धं काम सोडलेलं मला झोपू देईना. मी तालुक्याला गेले, मालकांना शिकवलं त्या साहेबांना भेटले, म्हनलं, साहेब, जाळ न्हाई तर मंग वारं बगायचं कशानं? म्हनले, हे आमी शिकवायला पायजे हुतं, काडी वढू नका एवढं सांगितलं हुतं, पन तुमच्यात कंदलाची चाल हाय हे आमाला कुठं ठावं. मंग म्हनले, खड्डा चार दिस उघडा टाकायचा, बांबूला पोतं बांधून खालीवर करून वारं हलवायचं, आन उतरायच्या आधी कोंबडी सोडायची.

तशी मी सोडली. घरचीच तलंग हुती, तिला डालग्यात घातली, डालगं दोरीला बांधून आत, आन एक भाकरी भाजून व्हईल एवढा येळ थांबले. कोंबडी आतनं कटकट करती हाय, शिव्या देती हाय म्हना ना, तर वर काढली, तिला दाने टाकले आन मंग मी उतरले. तवापासनं माझा नेम तोच, आधी कोंबडी, मंग मी. आन उजेडाचं काय? आत तर काळोख. बॅटरी नेली असती, पन मालक म्हनले, ठिनगी बारकी असली तरी ठिनगीच, काय नेऊ नको, उजेड मी देतो. त्यांनी घरातला आरसा घेतला, दोनी मनगटांच्या मधी दाबून धरला, आन हौदापाशी बसून उन्हाचा कवडसा आत पाडला. सूर्य सरकंल तसे ते सरकायचे. जिथं माझी थापी तिथं त्यांचा उजेड. पुढं सगळी वर्षं आमी असंच काम केलं, थापी माझी आन उजेड त्यांचा. किती खड्डे झाले ते मोजले न्हाईत, पन श्रीगोंद्यापासनं राहात्यापर्यंत, कुठं कुठं एष्टीनं गेलोय, मांडीवर डालगं घेऊन. कंडक्टर म्हनायचे, मावशी, कोंबडी इकायला चालली काय? मी म्हनायची, न्हाई ओ, ही आमची सायेब हाय, तपासायला चालली.

एकीकडं तर लई हसं झालं. मी त्या घरी आधीच सांगितलं हुतं की उतरायच्या आधी कोंबडी सोडावी लागंल. त्या घरच्या म्हातारीला वाटलं, खड्ड्याला मान द्यायचा असंल. आमी गेलो तर पाट्यावर वाटन तयार, खोबरं भाजलेलं. मी कोंबडी वर काढली आन डालग्याचं तोंड बांधाया लागले, तर म्हातारी म्हनती, अगं, कापायची कवा? मी म्हनलं, आजी, हिला कापली तर उद्या मला कोन सांगनार आत जायचं का न्हाई? तिनं कपाळाला हात लावला. मंग त्या वाटनात वांगी करून जेवलो सगळे.

सुरवातीला काही घरी आमाला सैपाकघराच्या उंबऱ्यापर्यंतच वाट. नळी आमी भितीतनं आत सारायची आन आतनं घरच्या बाईनं धरायची. पन शेगडी पेटंना की हाका सुरू, मावशी, आत या की, बगा काय झालंय. जाळ लागंस्तवर त्यांना कशाची आठवन न्हाई ऱ्हायची. मी आत जायची, जोडून द्यायची. आता तसं कुनी करत न्हाई, निदान आमच्या हिकडं तरी न्हाई.

आन फायदा काय, तर मी त्या बायांची तोंडं बगितलीत. नळी उघडली, काडी लावली, धूर न्हाई, काय न्हाई, भगुनं काळं न्हाई. एक जनी नुसतीच बसून ऱ्हायली, म्हनली, मावशी, आता ह्या येळात मी करू काय? शेताला काला जातो, त्यानं रान मऊ ऱ्हातं, शेनाची नासाडी व्हत न्हाई. पन त्याला रोज खायला लागतं, मानसावानी. पाटीभर शेन, तेवढंच पानी, एक दिस चुकवायचं न्हाई. थंडीत गॅस कमी येतो, त्यालाबी थंडी वाजती. एकदा फोन आला की गॅस बंद पडला, तुमचं बांधकाम कच्चं हाय. मी गेले तर गोठा कसा चकचकीत, वास फिनेलचा. पोरीला बगायला पाव्हने येनार म्हून बाईनं आठ दिस गोठा फिनेलनं धुतला आन ते सगळं पानी खड्ड्यात. म्हनलं, बाई, फिनेल तू पिशील का? त्याचं पोट मेलं की. मंग दुसऱ्याच्या चालत्या खड्ड्यातला काला आनून त्याला इरजन लावलं, दुधाला लावतो तसं, तवा महिन्यानं आलं ताळ्यावर.

आन कोंबड्या मेल्या न्हाईत असं न्हाई. दोन मेल्या. दोनीदा मालक मला म्हनत हुते, चार दिस झालेत, व्हईल साफ, आन दोनीदा डालगं वर काढलं तर ती मान टाकून पडलेली. त्या खाल्ल्या न्हाईत आमी, बांधाला पुरल्या. तिच्या जागी मी असते, हे काय मी इसरनार न्हाई.

पन आता खरं सांगते. ही सगळी वर्षं दुसऱ्यांच्या घरी निळा जाळ लावायचा, आन सांजच्याला आपल्या घरी येऊन गवरी फुंकायची. आमच्या घरी गोबरगॅस नव्हता. दोन गाया दारात, जागा हाय, गवंडी घरात, आन गॅस न्हाई. कारन मालक. कंदलाच्या दिसापासनं ते जाळापाशी बसायचे न्हाईत, मी चूल पेटवली की अंगनात जायचे, आन खड्ड्याचं नाव काढलं की म्हनायचे, लोकांच्या दारात बांध, माझ्या दारात नको, रोज उशाला घेऊन मला झोप यायची न्हाई. मी वाद घातला न्हाई. त्यांचे हात रोज माझ्या म्होरं असायचे, त्या हातांम्होरं काय बोलायचं?

ह्या मधल्या काळात ऊस वाढला. आमच्या शिवेपलीकडच्या कारखान्यानं दारूभट्टीवानी मोठाले पिंप उभे केले, त्याला आता इथेनॉल म्हनतात, ते पेट्रोलात जातं म्हनं. चांगलं हाय, का न्हाई? आपल्या रानातलं आपल्या गाडीत, परदेशाच्या तेलावाचून अडायचं न्हाई, उसाला गिऱ्हाईक ऱ्हातं, माझा भाचाच तिथं कामाला लागला, त्याचं घर उभं ऱ्हायलं, मी कशाला नाव ठिऊ? पन ऊस पानी किती पितो ते इहीर खांदनाऱ्याच्या सुनेला इचारा. माझ्या सासऱ्यानं खांदलेली इहीर, जिच्यात उन्हाळ्यात पोरं पवायची, तिच्यात आता चैतातच दगूड दिसतो. वारं फिरलं की आंबूस वास घरात येतो. आता मक्यापासनंबी करतात म्हनं, तवापासनं कोंबड्यांना मका घालताना हात आखडतो. मी भाच्याला म्हनते, माझ्या सायबाचं खानं तुमच्या गाड्या प्यायला लागल्या. तो हसतो. त्याची गाडी जुनी, इथेनॉल पानी वढून घेतं म्हनं, पावसाळ्यात टाकीत पानी धरती आन मधीच बंद पडती, तवा मी हसते.

तर बगा, मी वाईट म्हनत न्हाई आन चांगलंबी म्हनत न्हाई. एवढंच की ज्याला आपन जाळायला घेतो, त्याला कुनीतरी आधी खायला घालतं, पानी पाजतं, आन आत उतरून कुनीतरी गिलावा करतं. ते धरून हिशेब सांगा, न्हाईतर सांगू नका.

मंग माझा खोकला. दोन-तीन वर्षं झाली असतील, खोकला जाईना, दम लागायला लागला, मालक मला दवाखान्यात घेऊन गेले. डाक्टरीन बाई हुती. तिनं छातीचा फोटू काढला, बगितला, आन मालकांना म्हनली, काका, ह्या बिड्या किती ओढतात? मालक रागावले, म्हनले, कधी हात लावला न्हाई तिनं. बाई म्हनली, मंग चुलीवर सैपाक करत असतील. छातीत धूर बसलाय, आता चूल बंद केली तर पुढं वाढायचा न्हाई, केलेला मातर निघायचा न्हाई. घरी आल्यावर मी चूल पेटवायला बसले तर मालक अंगनात न जाता दारातच उभं ऱ्हाऊन धूर कसा भरतो ते बगत ऱ्हायले. त्यांनी तो कधी बगितलाच नव्हता, ते भाईर असायचे ना.

सकाळी उठले तर अंगनात खुट्टी ठोकलेली, दगडानं, मनगटात धरून ठोकलेली, वाकडी. आन तिच्याभवती चुन्याच्या फक्कीचा गोल. मी म्हनलं, हे काय? ते म्हनले, सुतळी मी धरतो, वीट तू लाव.

खड्डा खांदायला भाचा आन त्याचे दोघं मैतर आले, इटा मी लावल्या. साठी वलांडलेली बाई मी, चार इटा लावल्या की दम खायला बसायची. मालक खड्ड्याच्या तळाशी मधोमध खुट्टीपाशी बसले, सुतळीचं टोक मनगटाला गुंडाळलेलं, आन मी जाईल तिकडं हात फिरवायचे. घुमट वर यायला लागला तसा त्यांच्या डोक्यावर काळोख यायला लागला. मी म्हनलं, या आता वर, पुढचं मी अंदाजानं करते. म्हनले, न्हाई, माप चुकंल. शेवटच्या कड्यापर्यंत आत बसले. ज्या मानसानं इतकी वर्षं खड्ड्यात डोकं घातलं नव्हतं, तो आत. मंग हौदातनं त्यांना वढून काढलं. गिलाव्याला मी आत गेले, मुश्किलीनं गेले, आता काटकी कुठं ऱ्हायले, आन त्यांनी आरसा धरला. खड्डा नवा, आत शेन बी न्हाई, गॅस बी न्हाई, तरी त्यांनी कोंबडी सोडायला लावली. सोडली बया.

शेन भरलं, इरजन लावलं, दिस मोजले. पहिला गॅस सोडून द्यायचा असतो, तो सोडला. दुसरा साठला त्या दिशी मी शेगडी धुतली, दुधाचं भगुनं ठेवलं. मालक लिंबाखाली पाठ करून बसले. मी हाक मारली न्हाई, म्हनलं, बसू दे. नळी उघडली, काडी लावली, लागला जाळ. काय आवाज न्हाई.

तेवढ्यात खोलीत कवडसा पडला. बगते तर मालक दारात, दोनी मनगटांत आरसा, आन माझ्या शेगडीवर उजेड धरलेला, सवयीनं, मी कामाला बसले की तेच करायचं ना त्यांनी. मी म्हनलं, अवो, उजेड काढा, तुमच्या उजेडात जाळ दिसना. त्यांनी आरसा खाली केला. खोलीत काळोख झाला आन मंग तो दिसला, बारका, निळा, भगुन्याच्या बुडाला चिकटलेला. मालक आत आले, माझ्याजवळ खाली बसले, लई येळ बगत बसले. मंग म्हनले, एवढासाच हुता व्हय?

मी म्हनलं, एवढासाच.

दूध उतू गेलं तरी दोघंबी उठलो न्हाई.

आता खोकला हाय, डाक्टरीन बाई म्हनली तसा तो जानार न्हाई, पन वाढत बी न्हाई. एक गाय गेल्या साली गेली, एकीच्या शेनावर दोन येळचा चहा आन एक येळच्या भाकरी व्हत्यात, बाकीला सिलेंडर हाय. शेन कालवायचं काम मालकांचं, त्याला बोटं लागत न्हाईत, कोपरापर्यंत हात घालतात आन खड्ड्याशी बोलत बसतात, मला म्हनतात, आज जरा गार हाय त्याला. खड्डे बांधायचं मी सोडलं. कुनी दुरुस्तीला बोलावलं तर जाते, उतरत न्हाई, हौदापाशी बसून सांगते, आन कोंबडी माझीच नेते. तुमी लिहिता हाय ना, मंग एवढं लिहा, कंदील सोडू नका म्हनावं कुनी. चहा घ्या, गार व्हतोय. आपल्याच गाईचा हाय, दूध बी तिचं आन जाळ बी तिचा.